कडक इन्चार्ज व्हायचं का गोड? लातूरच्या एका सिस्टरच्या पत्राला उत्तर

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"मॅडम नमस्कार, मी लातूरला एका प्रायव्हेट हॉस्पिटलात आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, नऊ वर्षं झाली काम करतेय. दिवाळीनंतर मला मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज केलं. आधीच्या इन्चार्ज सिस्टर लई कडक होत्या, सगळ्यांसमोर बोलायच्या, केस नीट बांधले नाही म्हणून मुलींना घरी पाठवायच्या, आम्ही बाथरूममध्ये जाऊन रडायचो. तेव्हाच ठरवलं होतं की आपल्याला कधी चान्स मिळाला तर असं वागायचं नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, मला मोठी बहीण समजा, काही अडचण असली तर बिनधास्त सांगा. आता कुणीच ऐकत नाही. ड्युटीचा चार्ट लावला की ग्रुपवर अदलाबदल सुरू होते, ज्या दोघी कधी नाही म्हणत नाहीत त्यांनाच सगळ्या नाइट पडतात. त्यातल्या एकीनं गेल्या महिन्यात रिझाइन दिलं आणि पुण्याला गेली. जाताना म्हणाली, ताई तुमच्यावर राग नाही पण आधीच्या मॅडमच बऱ्या होत्या. ते वाक्य डोक्यातून जात नाही. परवा राऊंडला डॉक्टर सर एका नवीन मुलीला नातेवाइकांसमोर फाइल आपटून बोलले, मी तिथंच उभी होते, तोंडातून शब्द निघाला नाही. माझ्यापेक्षा सीनियर एक सिस्टर आहेत त्या तर मला इन्चार्ज मानतच नाहीत. एचआरवाले म्हणतात तुमच्यात लीडरशिप नाही, कडक व्हा. मी कडक होऊ का मॅडम? का इन्चार्जशिप सोडून परत फ्लोअरला जाऊ?"

अगं सिस्टर,

आधी त्या पुण्याला गेलेल्या पोरीच्या वाक्याबद्दल बोलू, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे आणि तू ते उलटं ऐकलंयस. तुला वाटलं तिला ओरडणारी मॅडम पाहिजे होती. ओरडून घ्यायला कुणाला आवडतं माय? तिला एवढंच म्हणायचं होतं की जुन्या मॅडमच्या काळात नाइट सगळ्यांनाच पडायच्या, बोलणी सगळ्यांनाच बसायची, आणि एकदा लागलेला चार्ट महिनाभर तसाच राहायचा, म्हणजे घरी सासूला सांगता यायचं की अमुक तारखेला मी घरी नाहीये, लेकराला तुम्ही बघा. तू आल्यावर बोलणी बंद झाली हे खरं, पण नाइट तिच्या आणि त्या दुसरीच्याच गळ्यात पडल्या कारण त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. जिचा आवाज मोठा तिला सुट्टी, असं झालं तुझ्या वॉर्डात. तू मुद्दाम कुणाचं वाईट केलं नाहीस गं, तू नुसती बाजूला सरकलीस आणि बाकीचं आपोआप होत गेलं.

तिला एक फोन कर, सुट्टीच्या दिवशी, निवांत. परत ये म्हणायला नको, नुसतं विचार की कधी ठरवलंस जायचं, त्या दिवशी काय झालं होतं. जी सोडून गेलीय तीच खरं सांगते, बाकीच्या अजून तुझ्या चार्टवर आहेत त्या कशाला सांगतील.

आता थोडं पुस्तकी बोलते, कंटाळू नको. वॉर्ड मॅनेजमेंट आपण सगळ्यांनीच रट्टा मारून पास केलेलं असतं त्यामुळे कामाच्या वेळी काही आठवत नाही. १९३९ साली कुर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लिपिट आणि व्हाइट या दोन साथीदारांना घेऊन अमेरिकेत आयोवाला शाळकरी पोरांच्या क्लबवर एक प्रयोग केला होता. पोरांना मुखवटे बिखवटे बनवायचं काम, आणि गटाला तीन तऱ्हेचे लीडर. एक नुसता हुकूम सोडणारा, दुसरा पोरांना विचारून ठरवणारा आणि स्वतः पण मध्ये बसणारा, तिसरा तुम्हाला पाहिजे ते करा म्हणून बाजूला बसणारा. हुकूमवाल्याकडं काम भरपूर झालं पण तो खोलीबाहेर गेला की काम बंद, आणि पोरांची आपसात भांडणं. विचारून करणाऱ्याकडं तो नसला तरी काम चालू राहिलं. आणि तिसऱ्याकडं धड काम पण नाही आणि पोरं खूश पण नाहीत, कारण काय करायचंय तेच कुणाला माहीत नाही.

तुझी जुनी मॅडम पहिल्या जातीतली. तुला जायचं होतं दुसऱ्यात, आणि जाऊन बसलीस तिसऱ्यात. लई जणींचं हेच होतं, ज्यांनी कडक माणसाच्या हाताखाली दिवस काढलेत त्यांचं तर हमखास, कारण काय करायचं नाही एवढंच त्यांनी पक्कं ठरवलेलं असतं, काय करायचं ते कुणी दाखवलेलंच नसतं.

पुढं १९७८ ला बर्न्स आणि १९८५ ला बास यांनी यावर आणखी काम केलं आणि आज नर्सिंगमधले लीडरशिपवरचे बरेच अभ्यास त्यांच्याच मांडणीवर चालतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, एक लीडर माणसाला मोठं करणारा, हे काम कशासाठी करतोय ते पटवून देणारा, एकेकाकडं वेगळं लक्ष देणारा. दुसरा हिशोबवाला, एवढं केलं तर एवढं मिळेल, चुकलं तर मेमो. आणि शेवटी तो जो असून नसल्यासारखा, निर्णयाची वेळ आली की गायब. वेगवेगळ्या देशांत नर्सेसना विचारून झालंय आणि साधारण तेच उत्तर येतं, पहिल्याच्या हाताखालच्या नर्स जास्त समाधानी, शेवटच्याच्या हाताखालच्या सगळ्यात नाराज. मधला हिशोबवाला वाटतो तेवढा वाईट नाही बरं का, निदान तिथं नियम तरी माहीत असतो. आता हे अभ्यास बहुतेक फॉर्म भरून घेऊन केलेले असतात, जी आधीच खूश आहे ती इन्चार्जलाही चांगलंच म्हणणार, त्यामुळे कशामुळे काय झालं ते छातीठोक नाही सांगता येत. पण मी सरकारी दवाखान्यात परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, म्हणून रिटायर झाले, आणि गायब इन्चार्जच्या वॉर्डात बदली मागून घेतलेली एकही सिस्टर मला कधी भेटली नाही. कडक इन्चार्जच्या वॉर्डात मागून घेतलेल्या भेटल्या.

म्हणून एचआरवाल्यांचं कडक व्हा हे सोडून दे. त्यांना कडक म्हणजे आवाज चढवणं एवढंच कळतं. तुझा आवाज मुळात तसला नाहीच असं पत्रावरून दिसतं, उद्या एकदम ओरडायला लागलीस तर पोरी घाबरणार नाहीत, हसतील. तुला पक्कं व्हायचंय. आणि ते कुठून सुरू होतं माहितेय का? चार्टपासून. भाषण नको, मीटिंग नको, मोटिव्हेशनल व्हिडिओ तर अजिबातच नको.

ड्युटी चार्ट म्हणजे भावकीतली वाटणी असते बघ, कुणाला किती मिळालं यापेक्षा विहिरीकडचा तुकडा कुणाला गेला यावर पिढ्या भांडतात. वॉर्डातला विहिरीकडचा तुकडा म्हणजे रविवार, सणवार आणि नाइटनंतरचा ऑफ. तू महिन्याला कितीही सारख्या ड्युट्या लाव, महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत कोण घरी होतं हे पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत सगळ्यांच्या लक्षात राहतं. आपल्याकडं तर लातूर धाराशिवला येळवस (वेळ अमावस्या) पण आली, त्या दिवशी अख्खं गाव रानात, भज्जी आंबील खायला, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही आणि वॉर्ड मात्र भरलेला. त्या दिवशी दवाखान्यात बसलेल्या पोरीला फोटो येत असतात घरचे, काय वाटत असेल तिला.

तर एक जाड रजिस्टर कर. व्हॉट्सअॅप नको, कागदावर, ड्युटी रूममध्ये सगळ्यांना दिसेल असं. त्यात प्रत्येकीच्या नावापुढं या वर्षात किती नाइट झाल्या, किती रविवार मिळाले, कुठले सण मिळाले, डबल ड्युटी किती केली. मागचे चार-पाच महिने जुन्या चार्टवरून भरून काढ, दोन संध्याकाळी बसावं लागेल, बस. ते भरताना तुझं तुलाच दिसेल की कुणाचं काय झालंय. मग कुणी येऊन म्हणालं की ताई मलाच का नाइट, तर तुला गोड पण बोलायला नको आणि कडक पण बोलायला नको, रजिस्टर उघडून दाखवायचं. बऱ्याचदा ती बाई स्वतःच गप्प बसते. आणि कधी कधी तिचंच खरं निघतं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणायचं, बरोबर आहे तुझं, पुढच्या महिन्यात काढून देते. आणि द्यायचं.

अदलाबदल बंद करू नको, बंद केलीस तर पोरी खोटं आजारी पडतील. पण ग्रुपवरची बंद. दोघींनी येऊन रजिस्टरमध्ये सही करायची, किमान दोन दिवस आधी, आणि तुझी सही झाल्याशिवाय ती अदलाबदल नाही म्हणजे नाही. तुझी सही कामून पाहिजे ते पण त्यांना सांग, कारण रात्री दोन नवीन मुली एकत्र राहिल्या आणि पेशंट बिघडला तर तुझ्याकडं उत्तर पाहिजे, आणि नाइट करून सकाळी परत मॉर्निंगला उभी राहिलेली मुलगी इन्सुलिनचा डोस चुकवू शकते. ज्याचं कारण सांगितलंय तो नियम माणूस पाळतो, कारण नाही सांगितलं तर त्याला पळवाट शोधतो. सणाच्या मागण्या महिनाभर आधी लिहून घे. ज्या पोरी परभणी हिंगोलीकडच्या आहेत त्यांना येळवसचं फारसं नाही, त्यांना विचार, त्या दिवशी करतात का, बदल्यात त्यांना दुसरा सण पक्का. मुस्लिम सिस्टर असेल तर ईद, केरळची असेल तर ख्रिसमस, त्यांनी मागायच्या आधीच तू लिहून ठेव. हे छोटं वाटतं पण मागायच्या आधी मिळालेली सुट्टी माणूस विसरत नाही.

पहिला महिना त्रास होईल, ज्यांचं आतापर्यंत फावत होतं त्या फुगतील, एखादी म्हणेल तुम्ही बदललात ताई. बदलले म्हणून सांग आणि कामाला लाग.

आता सरांचं. हे मला चार्टपेक्षा महत्त्वाचं वाटतं खरं तर. ती नवीन मुलगी त्या दिवशी सरांवर जेवढी रागावली नसेल तेवढी तुझ्यावर रागावली असणार, कारण सर तसेच आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तू काय करतेस ते बघायचं होतं तिला. आणि फक्त तिला नाही, मेडिसिनच्या ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या दोघींना आणि फरशी पुसत असलेल्या मावशीला पण.

तुला भांडायचं नाहीये. नुसतं एक पाऊल पुढं ये, डॉक्टर आणि मुलीच्या मधे, आणि फाइलला हात लाव. "सर फाइल माझ्याकडं द्या, मी बघते काय झालंय, आपण ड्युटी रूममध्ये बोलू." बास, एवढं एकच वाक्य. घरी आरशासमोर म्हणून बघ, हसू नको, खरंच म्हण, ऐनवेळी तोंडातून आपोआप निघायला पाहिजे. नातेवाइकांसमोर विषय तिथंच संपतो. मुलीला तिथून काहीतरी काम देऊन हलव, जा ७ नंबरचं सलाईन बघून ये. मग आत जाऊन सरांना ऐक, त्यांचं कदाचित बरोबर पण असेल, पेशंटनं किती पाणी घेतलं, किती लघवी झाली ते इनटेक आउटपुट लिहिलेलं नसेल, तर चूक झाली म्हण, मी बघते म्हण, आणि शेवटी हळूच पण स्पष्ट सांग की सर माझ्या स्टाफचं काही चुकलं तर मला सांगा, पेशंटसमोर नको, उद्यापासून ते लोक तिच्या हातून इंजेक्शन घ्यायला तयार होत नाहीत. हा मुद्दा डॉक्टरांना लगेच पटतो कारण त्यांच्या कामाचा आहे.

आणि मुलीची चूक असेल तर ती सोडू नको. पाठीशी उभं राहणं म्हणजे झाकणं नाही. शिफ्ट संपल्यावर, पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती म्हणजे ओव्हर दिल्यावर, एकटीला बसवून पेशंटचा चार्ट समोर ठेवून, इथं काय राहिलं सांग बरं. तिनं स्वतः बोट ठेवलं की अर्धं काम झालं. जुन्या मॅडम हेच चौकात करायच्या, तू बंद खोलीत कर, पण कर.

सर परत परत तसंच वागले तर तारीख वेळ घालून लिहून मेट्रनकडं, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखाकडं, दे, तोंडी नको. आणि नातेवाईक अंगावर आले तर आपल्या महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, त्यात नर्स पण येतात, फक्त डॉक्टर नाही. हे तुझ्या पोरींना माहीत असायला पाहिजे आणि सिक्युरिटीचा नंबर भिंतीवर पाहिजे.

अमेरिकेत १९८३ ला एक अभ्यास झाला होता, तिकडं तेव्हा नर्सेस टिकतच नव्हत्या, सगळीकडं टंचाई, तरी काही हॉस्पिटलं अशी होती की तिथून कुणी जायला तयार नव्हतं. अशी ४१ हॉस्पिटलं शोधून त्यांना विचारलं की तुमच्याकडं असं आहे तरी काय. त्यांना चुंबक हॉस्पिटल म्हणायला लागले. निघालं काय, तर नर्सिंगच्या वरिष्ठ बायका वॉर्डात दिसायच्या, त्यांच्याकडं जाऊन बोलता यायचं, निर्णयात नर्सला विचारलं जायचं, ड्युट्या लावताना माणसाचं बघितलं जायचं, स्टाफ पुरेसा होता. यात काही रॉकेट सायन्स आहे का? नाही. पण त्यातला शेवटचा मुद्दा लक्षात ठेव, स्टाफ पुरेसा, त्याच्यावर येतेच मी.

त्याआधी तुझ्या त्या सीनियर सिस्टर. तुला त्या मानत नाहीत असं तू लिहिलंस, पण त्यांना डावलून तुला इन्चार्ज केलं का, हे लिहिलं नाहीस. केलं असणार. मग त्यांच्या जागी बसून बघ ना जरा, वीस वर्षं वॉर्डात काढायची आणि हाताखाली शिकलेली पोरगी एक दिवस येऊन म्हणते मला मोठी बहीण समजा. वयानं मोठ्या बाईला तू मोठी बहीण कशी होशील गं?

त्यांना ड्युटी संपल्यावर एकटीला चहाला घेऊन बस, कॅन्टीनला नको, तिथं सगळे बघतात. आणि सरळ विचार, ताई, मला इन्चार्ज केलं याचं तुम्हाला वाईट वाटलं का? गोल गोल नको. त्या आधी नाही नाही म्हणतील, मग बोलतील, बोलू दे, मधे समजावू नको. मग त्यांना काहीतरी खरं काम दे. हर्से आणि ब्लँचर्ड या दोघांनी १९६९ पासून हेच सांगितलंय की सगळ्यांना एकाच पद्धतीनं चालवता येत नाही, नवीन मुलीला पायरी पायरी सांगावं लागतं, मुरलेल्या माणसाला काम सोपवून बाजूला व्हावं लागतं. म्हणजे तुझं बाजूला होणं चुकीचं नव्हतं, चुकीच्या माणसांसाठी होतं. म्हाताऱ्या पेशंटची व्हेन सापडत नसली की कुणाला हाक मारतात तुमच्याकडं? त्यांनाच ना? मग नवीन मुलींचं पहिल्या महिन्याचं शिकवणं त्यांच्या नावावर कर, लेखी, मेट्रनला कळवून, आणि त्यात तू ढवळाढवळ करू नको. क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली, तपासायची जबाबदारी पण देता येईल. चार्टच्या बाबतीत मात्र त्या आणि कालची फ्रेशर सारख्याच, नाइट त्यांनाही, रजिस्टरमध्ये त्यांचंही नाव. वयाचं किंवा तब्येतीचं कारण असेल तर तेही लिहून, सगळ्यांना माहीत असेल असं.

एक गोष्ट मधेच सांगते, पेशंट अरेस्टला गेला, म्हणजे हृदय बंद पडलं, तर तिथं विचारून बिचारून करायचं नाही. तिथं हुकूमच. तू छातीवर कम्प्रेशन, तू अँब्यूनं श्वास, तू अॅड्रेनलिन भर, वॉर्डबॉय मामा ऑक्सिजन, आवाज चढला तरी चालतो, त्या वेळी कुणाला राग येत नाही उलट बरं वाटतं की कुणीतरी सांगतंय. पण नंतर, पेशंट राहिला असो वा गेला असो, पाच मिनिटं सगळ्यांना एकत्र उभं करून काय बरोबर झालं काय राहिलं ते बोलायचं, आणि जिचा हात थरथरत होता तिला पाणी प्यायला पाठवायचं.

आता जे एचआरवाले तुला सांगणार नाहीत ते. हर्झबर्ग म्हणून एक होता, १९५९ ला त्यानं सांगितलं की पगार, नियम, वरिष्ठांचं वागणं, कामाची परिस्थिती या गोष्टी वाईट असल्या की माणूस चिडतो, पण त्या चांगल्या केल्या म्हणून लगेच कामात आनंद वाटायला लागतो असं नाही, नुसती चिडचिड थांबते. आनंद येतो तो काहीतरी जमलं, कुणीतरी ओळखलं, पुढं शिकायला मिळालं यातून. यावर पुढं वाद झालेत, पण वॉर्डात मला हे बऱ्यापैकी खरं वाटतं. चार्ट नीट केलास तर भांडणं थांबतील. पोरींना सकाळी यावं वाटायला अजून थोडं लागेल. आणि ते गुड जॉब म्हणून होत नाही. ओव्हर घेताना नावानिशी सांगायचं, काल रात्री १२ नंबरच्या आजोबांचा श्वास वाढलाय हे हिनं मॉनिटर वाजायच्या आधी ओळखलं आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला, आरएमओला उठवलं. एवढंच. काय केलं ते सांगितलं की ते कौतुक खरं वाटतं, आणि बाकीच्या पण आजोबांचा श्वास मोजायला लागतात. बीएलएसच्या (जीव वाचवायच्या प्राथमिक उपायांच्या) ट्रेनिंगला दर वेळी तीच पोरगी जाते का बघ, नाव बदल.

पण माय, माणसं कमी असतील तर यातलं निम्मं वाया जातं. लिंडा एकन या नर्सिंगच्या संशोधकबाईंनी २००२ ला पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास छापला, त्यात एका नर्सच्या वाट्याला एक जरी पेशंट वाढला तरी ती नोकरीवर नाराज असायची शक्यता १५ टक्क्यांनी वाढली, पार थकून जायची २३ टक्क्यांनी, आणि ऑपरेशनचा पेशंट ३० दिवसांत दगावायची ७ टक्क्यांनी. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण काय आहे, टीचिंग हॉस्पिटलात ३ पेशंटमागे १ नर्स, बाकीच्या जनरल हॉस्पिटलात ५ मागे १, वर रजेसाठी ३० टक्के स्टाफ जास्तीचा. तुझ्या वॉर्डात नाइटला किती बेडला किती जणी असतात ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. मराठवाड्यात सरकारी काय आणि प्रायव्हेट काय, हे आकडे नुसते फ्रेम करून भिंतीवर लावायचे असतात.

पगाराचं पण तेच. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीनं शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलात सुद्धा नर्सला महिना २०,००० च्या खाली देऊ नका, आणि २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीनं द्या. तुझ्याकडच्या पोरींना काय मिळतं विचार, आणि मग पुण्याला हैदराबादला कामून जातात ते कळेल. त्यात तुझ्या लीडरशिपचा काही संबंध नाही, ते पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊ नको. ओरिजिनल सर्टिफिकेट अडकवून ठेवून माणसं टिकवणाऱ्या मॅनेजमेंटनं दुसऱ्याला लीडरशिप शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तुमच्याकडं तसं आहे का माहीत नाही, पण असतं लई ठिकाणी.

राहिला शेवटचा प्रश्न, सोडू का. इन्चार्जशिप सोडून परत बेडसाईडला येणं यात कमीपणा काहीच नाही, काही बायका पेशंटजवळच फुलतात आणि कागदात कोमेजतात, त्यांना जबरदस्ती वर ढकलून वॉर्डाचं पण नुकसान आणि त्यांचं पण. पण तू अजून करून बघितलेलंच नाहीस, तू चार महिने फक्त जुन्या मॅडमसारखं न वागण्यात घालवलेत. रजिस्टरवर दोन चार्ट काढ, सरांना ते वाक्य एकदा म्हण, सीनियर सिस्टरशी बोल. मग ठरव. त्या दोन महिन्यांत तुझ्या लक्षात येईल की तुला संध्याकाळी घरी जाताना दमल्यासारखं वाटतं का कोंडल्यासारखं वाटतं. दमायला होणारच. कोंडल्यासारखं वाटलं तर सोड.

आणि या दोन महिन्यांत रोज तिन्ही शिफ्टला बेड किती भरलेले आणि सिस्टर किती, एवढे दोन आकडे त्याच रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहीत जा, डबल ड्युटी कुणी केली ते पण. साठ दिवसांचे आकडे झाले की मेट्रनच्या मार्फत मॅनेजमेंटला एक पानी अर्ज, तक्रार नको, रडगाणं नको, एवढे बेड, एवढ्या सिस्टर, कौन्सिलचं प्रमाण एवढं, म्हणून इतक्या जणी पाहिजेत. एचआरला पण एक कॉपी. आणि तुझ्या स्वतःच्या कॉपीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नको.